पहिलं स्केल विमान स्वतः बांधताय? आधी वजनकाटा आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर रिमोटवर उडणारं फोमचं तयार ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, उडवून झालंय, लँडिंग बऱ्यापैकी जमतंय, आणि आता किट न घेता, नुसत्या थ्री-व्ह्यू ड्रॉइंगवरून साधारण सव्वा मीटर पंखांचं स्पिटफायर, म्हणजे त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्रमाणशीर (स्केल) मॉडेल, बांधायचं आहे. लाकूडकामाचा अनुभव शाळेतल्या हस्तकलेपुरता. सुरुवात कुठून करू, आणि पहिल्याच उड्डाणात ते मोडू नये म्हणून काय करू?

स्पिटफायरला माझा विरोध नाही. माझ्याही टेबलाच्या खणात त्याचं ड्रॉइंग वर्षानुवर्षं पडून होतं. पण एक हिशेब मांडून दाखवतो, मग तुम्हीच ठरवा.

खऱ्या विमानाची मापं नऊपट लहान केली की पंखांचं क्षेत्रफळ नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ पटींनी घटतं. वजन मात्र ७२९ पटींनी घटतं, कारण ते घनफळाबरोबर चालतं. स्पिटफायरच्या पाचव्या मार्कचे, म्हणजे आवृत्तीचे, पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, क्षेत्रफळ साधारण २२.५ चौरस मीटर, आणि भरलेल्या विमानाचं वजन ३००० किलोच्या आसपास. एक-नवमांश मापात पंख १.२५ मीटर येतात, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस डेसिमीटर, आणि प्रमाणात वजन ४.१ किलो. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर जवळजवळ १५० ग्रॅम. या आकाराच्या मॉडेलमध्ये नवख्या हाताला झेपणारा आकडा ४० ते ५० ग्रॅम. तेव्हा तुमचं स्पिटफायर दीड किलोच्या आत आणायचं, तर ते 'प्रमाणशीर' वजनाच्या जवळपास एक तृतीयांशात बसवावं लागेल. लोक ते करतात. पण त्यांनी त्याआधी चार-पाच विमानं बांधलेली असतात आणि लाकडाची कुठली पट्टी काढून टाकली तरी चालेल हे त्यांच्या बोटांना कळत असतं.

आता हाच हिशेब पायपर जे-३ कबला लावा. १९३८ सालचं हलकं अमेरिकन विमान, पंख १०.७४ मीटर, क्षेत्रफळ १६.५८ चौरस मीटर, जास्तीत जास्त वजन ५५३ किलो. एक-अष्टमांश मापात पंख १.३४ मीटर, क्षेत्रफळ २५.९ चौरस डेसिमीटर, वजन १.०८ किलो. भागाकार करा, चौरस डेसिमीटरला ४२ ग्रॅम येतात. खऱ्या विमानाचं वजन सरळ प्रमाणात उतरवलं तरी मॉडेल निवांत उडतं. तुमच्या हातून शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरले तरीही उडतं. आणि पहिल्या वेळी ते भरणारच.

वजनाखेरीज इतर कारणंही कबच्याच बाजूची. त्याचा पंख टोकाची गोलाई सोडली तर सरळ आयत, म्हणजे जवळपास सगळ्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) एकसारख्या. स्पिटफायरच्या लंबगोल पंखात प्रत्येक रिब वेगळी, आणि टोकं इतकी अरुंद की वेग कमी झाला की आधी तीच स्टॉल होतात, म्हणजे हवेवर तरणं सोडतात. कबचं शेपूट लांब, पंख वर, चाकं पुरेशी दूर दूर. रंगही एकच, पिवळा, आणि कडेला काळी नागमोडी रेघ. एकच रंग म्हणजे कमी थर आणि कमी वजन.

एवढं वाचूनही स्पिटफायरच हवं असेल तर पुढचं सगळं त्यालाही लागू पडतं, फक्त प्रत्येक चूक तिप्पट महाग पडेल. मी इथून पुढे कब धरूनच बोलतो.

पहिलं काम ड्रॉइंग तपासण्याचं. इंटरनेटवर मिळणाऱ्या थ्री-व्ह्यूवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दृश्यं असतात आणि ती एकमेकांशी जुळतातच असं नाही. बाजूच्या चित्रातली लांबी आणि वरच्या चित्रातली लांबी पट्टीने मोजा. खऱ्या विमानाची लांबी ६.८३ मीटर, तेव्हा आठने भागून ८५ सेंटिमीटर यायला हवी. पंखाची रुंदी म्हणजे कॉर्ड १.६० मीटर, तुमच्याकडे २० सेंटिमीटर. हे दोन आकडे आणि पंखांचे १.३४ मीटर जुळले की बाकीचं बहुतेक जुळतं. मग खऱ्या विमानाचे बाजूने घेतलेले फोटो घ्या आणि खिडक्यांचा उतार, नाकाचा फुगवटा, रडरची (उभ्या शेपटाच्या हलत्या भागाची) गोलाई ड्रॉइंगशी ताडून पाहा. कब ओळखू येतं ते याच तीन ठिकाणांवरून. बाकी कुठे दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर आकाशात कुणाला दिसत नाही.

ड्रॉइंग मोठं करून छापताना कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ आडवी आणि एक उभी काढून ठेवा. छापून आल्यावर दोन्ही मोजा. मी एकदा पंखाचा आराखडा एका ठिकाणी आणि धडाचा दुसऱ्या ठिकाणी छापून घेतला होता. पंखाचा कागद 'पानात बसवून' छापला गेला, ९७ टक्के. सगळ्या रिब कापून, पंख जोडून झाल्यावर धडावर ठेवला तेव्हा २०० मिलिमीटरच्या जागी १९४ आले. तो पंख अजून भिंतीवर टांगलेला आहे.

ड्रॉइंगमध्ये दोन-तीन ठिकाणी मुद्दाम खोटं बोलावं लागतं. हवा लहान होत नाही, विमान लहान होतं. हवा पंखाभोवती कशी वाहते ते रेनॉल्ड्स आकडा सांगतो, आणि तो वेग व पंखाच्या रुंदीबरोबर वाढतो. खऱ्या कबच्या पंखाचा हा आकडा क्रूझच्या वेगाला साधारण ३५ लाख असतो, तुमच्या मॉडेलचा दीड लाखाच्या पुढे-मागे. या आकड्याला पातळ आणि टोकदार पुढची कड असलेले पंख एकदम, न सांगता स्टॉल होतात. म्हणून क्लार्क वाय हा प्रोफाइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, घ्या. १९२२ सालचा हा प्रोफाइल, जाडी ११.७ टक्के, पुढची कड चांगली गोल, आणि पुढचा तिसरा हिस्सा सोडला तर खालून सपाट. सपाट असल्यामुळे पंख थेट फळीवर ठेवून बांधता येतो, भाग धरून ठेवणारा वेगळा साचा, म्हणजे जिग, लागत नाही. मूळ कबचा यूएसए ३५बी प्रोफाइलही खालून जवळजवळ सपाटच आहे, त्यामुळे दिसण्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरं खोटं शेपटाचं. आडवं शेपूट क्षेत्रफळाने दहा टक्के वाढवा. लांबी-रुंदीत ते जेमतेम पाच टक्के भरतं, नजरेला कळत नाही, पण विमान वर-खाली डुचमळत नाही. तिसरं डायहेड्रलचं, म्हणजे पंखांची टोकं वर उचलण्याचं. खऱ्या विमानात ते नावापुरतं आहे. तुम्ही प्रत्येक बाजूला दोन अंश द्या. त्याने प्रत्येक टोक सुमारे २३ मिलिमीटर वर येईल.

वेगाबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर निराशा नको. खरं कब ताशी १२० किलोमीटरच्या आसपास जातं. त्याला आठने भागून १५ च्या वेगाने मॉडेल उडणार नाही, पडेल. वेग मापाच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ताशी ४२-४३ किलोमीटर. म्हणूनच लहान स्केल विमानं नेहमी जरा घाईत असल्यासारखी दिसतात. ती हळू दिसावीत असं वाटत असेल तर उपाय एकच, वजन कमी करणं.

आता वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. बांधायला घेण्याआधी वहीत वजनांचा अंदाज लिहा. माझा असा निघतो: तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी १८० ग्रॅम, मोटर ११०, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ४०, चार सर्वो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वायरींसकट ५५, रिसीव्हर १५, प्रॉपेलर आणि त्याचा अडॅप्टर २५. झाले ४२५. चाकं आणि त्यांची तार ८०. पंख २३०, धड २००, शेपूट ४०, सांगाड्यावर चढवायची प्लास्टिकची फिल्म ६०, आणि रॉड, बिजागऱ्या, स्क्रू, गोंद या चिल्लरीचे ५०. बेरीज १०८५. प्रत्येक भाग तयार झाला की काट्यावर ठेवायचा आणि अंदाजाशेजारी खरा आकडा लिहायचा. शेपूट ४० च्या जागी ६५ भरलं तर ते त्याच दिवशी कळतं आणि नवं बांधता येतं. विमान पूर्ण झाल्यावर कळलं तर काही करता येत नाही.

शेपटाचा उल्लेख उगाच केला नाही. या कबमध्ये शेपूट गुरुत्वमध्यापासून, म्हणजे सीजीपासून, ५५-६० सेंटिमीटर मागे असतं आणि शिसं लावायची जागा नाकात जेमतेम २० सेंटिमीटर पुढे. शेपटात वाढलेले १० ग्रॅम तोलायला नाकात जवळजवळ ३० लागतात, म्हणजे विमान एकूण ४० ग्रॅमनी जड. मी माझं पहिलं स्केल विमान सॉपविथ कॅमल घेतलं होतं. खऱ्या कॅमलचंच नाक आखूड, सगळा बोजा पुढच्या सात फुटांत कोंबलेला. त्यात मी शेपूट हाताला लागेल त्या बाल्साचं, म्हणजे मॉडेलसाठीच्या हलक्या लाकडाचं, केलं, सुबक घासलं, वर दोन हात रंग दिला. काट्यावर ठेवायचं सुचलंच नाही. शेवटी सीजी जागेवर आणायला नाकात २४० ग्रॅम शिसं ओतलं. उडालं, पण उतरताना एखाद्या पोत्यासारखं उतरायचं, आणि तिसऱ्या लँडिंगला चाकांची तार फाकून पोटात घुसली.

तेव्हा बाल्सा निवडताना काटा बरोबर असू द्या. एक मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पान ३० ग्रॅमचंही मिळतं आणि ६० ग्रॅमचंही. दोन्हीवर 'बाल्सा' एवढंच लिहिलेलं असतं. हलकी पानं शेपूट, रिब आणि पंखांच्या टोकांसाठी बाजूला काढा. मध्यम पानं धडाच्या बाजूंना. जड पान वाया जात नाही, त्याच्या पट्ट्या कापून धडाच्या लांब काठ्या करा. ग्रेन, म्हणजे लाकडाचा रेषाही बघा. ज्या पानावर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसतात ते ताठ असतं, वाकवलं की मोडतं. ते रिबना उत्तम. ज्यावर लांब सरळ रेघा दिसतात ते आडवं सहज वळतं. ते पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळायला घ्या.

फोमचा पर्यायही आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. डेप्रॉनसारख्या पातळ शीटमधून हेच कब दोन आठवड्यांत उभं राहतं आणि हलकंही होतं. फक्त साधा सायनोअ‍ॅक्रिलेट, ज्याला आपण सुपरग्लू म्हणतो, तो पॉलिस्टायरीन फोम खाऊन टाकतो. फोमसाठीचा वेगळा येतो. तुम्हाला लाकूडच शिकायचं आहे असं प्रश्नातून दिसतं, म्हणून फोम इथेच सोडतो.

बांधणीची सुरुवात शेपटापासून करा. लहान आहे, सपाट आहे, बिघडलं तर अर्धं पान वाया जाईल. एक खरोखर सपाट फळी घ्या, वर आराखडा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक म्हणजे गोंद कागदाला धरणार नाही. काठ्या कापून टाचण्यांनी जागेवर धरा. टाचणी काठीच्या दोन्ही बाजूंना लावायची, काठीतून आरपार नाही, तिथून ती चिरते. जोड नीट बसला पाहिजे. फट राहिली तर गोंदाने भरू नका, काठी नवीन कापा. सुपरग्लू झटपट चिकटतो म्हणून सगळे तोच वापरतात. मी अजूनही बहुतेक जोडांना सुतारी पांढरा गोंद वापरतो. वाळायला वेळ लागतो, पण तेवढ्यात काठी सरळ करता येते. डोळ्यांना आणि नाकाला सुपरग्लूची वाफही झोंबते, खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सी मात्र दोनच ठिकाणी: मोटर बसते ती प्लायवूडची भिंत आणि चाकांची तार धरणारा ठोकळा. इतर ठिकाणी इपॉक्सी म्हणजे फुकटचं वजन.

पंख हा या सगळ्याचा जीव आहे. रिबसाठी दोन मिलिमीटर प्लायमधून एकसारखे दोन साचे कापा. त्या दोन साच्यांच्या मध्ये बाल्साचे पंचवीसेक तुकडे दाबून दोन लांब बोल्टनी आवळा, आणि अख्खा गठ्ठा एकदम तासा, मग पॉलिश पेपरने घासा. स्पारच्या खाचाही गठ्ठ्यातच. सोडल्यावर सगळ्या रिब जुळ्या भावंडांसारख्या निघतात. दोन रिबमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर ठेवा.

स्पार म्हणजे पंखाचा कणा. इथे वजन वाचवायला जाऊ नका, पण डोकं वापरा. गोता मारून जोरात वर खेचलं की पंखांवर चौपट भार येतो असं धरू. १.१ किलोच्या विमानात प्रत्येक पंखावर २.२ किलो, आणि तो भार मध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर एकवटलेला. वरच्या आणि खालच्या स्पारमधलं अंतर १.८ सेंटिमीटर धरलं तर मध्याशी वरच्या काठीवर ३६-३७ किलोचा दाब येतो. पाच बाय पाच मिलिमीटरची स्प्रूसची (बाल्साहून कणखर लाकडाची) काठी याच्या दुपटीहून जास्त सोसते. त्याच जाडीचा हलका बाल्सा निम्म्यालाच चुरतो. बाजूच्या आधारकाठ्या, म्हणजे स्ट्रट, मी यात धरलेल्याच नाहीत. त्या शोभेच्याच समजून बांधा.

पण नुसत्या दोन काठ्या काही कामाच्या नाहीत. त्यांच्यामध्ये प्रत्येक दोन रिबच्या मोकळ्या जागेत दीड मिलिमीटर बाल्साचा पडदा चिकटवा, रेषा उभा ठेवून. आडवा ठेवलात तर तो लावला-न लावला सारखंच. वरची काठी दाबाखाली आधी वाकते आणि मग मोडते. तिला वाकू न देण्याचं काम या पडद्यांचं. निदान मध्यापासून अर्ध्या पंखापर्यंत पडदे हवेतच. पुढची कड ते स्पार हा भाग वरून-खालून दीड मिलिमीटरच्या पानाने मढवला की बंद नळी तयार होते आणि पंख पिळवटत नाही.

बांधतानाच टोकाशी मागच्या कडेखाली ५ मिलिमीटरची पट्टी ठेवा. त्याने टोक मुळापेक्षा सुमारे दीड अंश कमी कोनात बसतं. याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी झाला की पंखाचा मधला भाग आधी स्टॉल होतो, टोकं उडत राहतात, आणि विमान कुशीवर पडण्याऐवजी नाक खाली करून तुम्हाला इशारा देतं. दोन्ही पंखांना अगदी सारखंच द्या.

धडाच्या दोन बाजू एकावर एक ठेवून बांधा, मध्ये प्लास्टिक घालून. चारही लांब काठ्या एकाच पानातून कापलेल्या हव्यात. नाहीतर मागे निमुळतं करताना एक बाजू सहज वाकते, दुसरी अडते, आणि धड केळ्यासारखं होतं. मागचं टोक जोडताना वरून दोरा ताणून मध्यरेषेवर आहे ना ते बघा. बाकी चौकटी भरणं हे सरळ काम आहे. बॅटरीची जागा मात्र आधी ठरवा: ती बाहेरून, पंख न काढता बदलता आली पाहिजे आणि चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे सरकवता आली पाहिजे. सीजी जुळवायला शिशापेक्षा बॅटरी सरकवणं केव्हाही चांगलं. पंख पुढे लाकडी खुंटीत आणि मागे दोन नायलॉनच्या बोल्टवर बसवा. आपटलं तर बोल्ट तुटतात, पंख वाचतो. मोटर सरळ बसवू नका, तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे, पायलटच्या बाजूने बघून. पंखाची पुढची कड दीड-दोन अंश वर उचललेली, शेपूट शून्य अंशावर.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यातच, कारण ते तुम्ही ट्रेनरवर हाताळलंय. अशा विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट भरपूर झाले. तीन सेलवर २० अँपिअर घेतले की सव्वादोनशेच्या आसपास येतात. ३० अँपिअरचा ईएससी घ्या, आणि प्रॉपेलर बसवल्यावर वॉटमीटरने मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. बॅटरीतून ८० टक्क्यांहून जास्त उपसू नका आणि घरी ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. टेबलावर काहीही जुळवताना प्रॉपेलर काढलेला असलाच पाहिजे, यात तडजोड नाही.

फिल्म चढवण्याआधी सांगाडा एकदा जोडून सीजी बघा. फिल्म चढवताना इस्त्रीने कडा चिकटवायच्या, मग जास्त उष्णतेने ताणायची. वरची आणि खालची बाजू आलटून-पालटून ताणा, नाहीतर ती पंख पिळवटून तुमचा वॉशआउट घालवेल. पिळवटलाच तर घाबरू नका: उलट दिशेला पीळ देऊन धरा आणि फिल्म पुन्हा गरम करा, बसतो. रंगकामाचा मोह इथे आवरा. नाकाबाहेर डोकावणारे इंजिनाचे चार सिलिंडर, काळी रेघ, आणि कॉकपिटमध्ये फोमचा एक पायलट. एवढ्याने ते कब दिसतं. फ्यूएलच्या झाकणातली उभी तार करायला ग्रॅमभर वजन लागतं, ती जरूर करा.

कबची एक खोड आधी माहीत असू द्या. एलेरॉनने, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांनी, वळवायला गेलात की नाक उलट दिशेला जातं. खाली गेलेलं एलेरॉन जास्त ओढ निर्माण करतं म्हणून. त्यासाठी एलेरॉन वर जितकं जाईल त्याच्या निम्मंच खाली जाईल असं ट्रान्समीटरमध्ये बसवा, उदाहरणार्थ वर १५ मिलिमीटर, खाली ७-८. आणि वळताना रडरही द्यायची सवय लावा. फोमच्या ट्रेनरवर बहुतेकांचा डावा अंगठा नुसता थ्रॉटलवर बसून राहिलेला असतो.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी वारा नसलेली पहाट निवडा. नियमांनुसार परवानगी असलेलं मोकळं मैदान, आणि शेजारी उडवता येणारा कुणीतरी जाणता. सीजी पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर, म्हणजे कॉर्डच्या २५ टक्क्यांवर ठेवा. सहा सेंटिमीटरपर्यंत मागे न्यायचं ते नंतर, चार-पाच उड्डाणं झाल्यावर. विमान नाक आणि शेपूट धरून उचला आणि एक पंख खाली झुकतो का पाहा. मग विमानाच्या मागे उभे राहून ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे न्या: उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. हे तीनदा करा, आणि शेजारच्याला करायला लावा. मी वीसेक वर्षं उडवत असताना एक सर्वो बदलला, दिशा उलटी झाली, आणि 'हलतंय ना' एवढंच बघून उडवलं. चार सेकंदांत संपलं. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का, आणि रेंज चाचणीच्या मोडमध्ये तीस पावलांवरून सर्वो बिनचूक हलतात का, हेही बघा.

टेकऑफला थ्रॉटल हळूहळू वाढवा. शेपटावर चाक असलेलं विमान थ्रॉटल एकदम दिलं की डावीकडे ओढ घेतं, उजवं रडर तयार ठेवा. चाकं पुढून किंचित आत वळलेली असली तर ते बरंच सरळ धावतं. जमिनीवरून खेचून उचलू नका, वेग आला की ते स्वतःच उठतं. पन्नास-साठ मीटर उंचीवर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर ट्रिम करा, म्हणजे हात न लावता विमान सरळ जाईल अशी बारीक जुळवणी करा. मग तिथेच, उंचीवर, थ्रॉटल पूर्ण बंद करून एलेव्हेटर (आडव्या शेपटाची हलती पट्टी) हळूहळू ओढत स्टॉल करून पाहा. १.१ किलोला ते ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान होईल. नाक सरळ खाली पडतं की एक पंख आधी पडतो, हे तुम्हाला लँडिंगच्या आधी माहीत असलं पाहिजे. पंख पडत असेल तर लँडिंग थोडं जास्त वेगात करा आणि घरी येऊन वॉशआउट मोजा.

पहिलं उड्डाण पाच मिनिटांचंच. उतरल्यावर बॅटरी काढा, आणि लगेच दुसरी लावू नका. मोटर आणि ईएससीला हात लावून किती तापलेत ते बघा, मोटरच्या भिंतीचे जोड आणि शेपटाच्या बिजागऱ्या हलवून पाहा, चाकांची तार वाकली असेल तर सरळ करा. ट्रान्समीटरवर ट्रिम किती गेलेत ते वहीत वजनांच्या पानावरच लिहा, रॉडची टोकं फिरवून तेवढी दुरुस्ती करा, ट्रिम पुन्हा मध्यावर आणा. मग दुसरी बॅटरी.